घड्याळ पुढे, पहाटही पुढे : कायदेमंडळांच्या सदस्यांना खुले पत्र

प्रति,
वर्षातून दोनदा घड्याळ बदलणाऱ्या देशांतील कायदेमंडळांचे सन्माननीय सदस्य

विषय : घड्याळबदलाच्या विधेयकांत आणि लोकमताच्या प्रश्नावल्यांत सकाळच्या उजेडाची खरी वेळ छापण्याबाबत

सन्माननीय सदस्यहो,

सविनय नमस्कार.

मी अनेक वर्षे शाळेत भूगोल शिकवला. वसंत ऋतूत घड्याळ एक तास पुढे करण्याच्या आदल्या शुक्रवारी मी वर्गाला एक प्रश्न विचारत असे. परवा घड्याळ एक तास पुढे होईल; त्यानंतर तुम्ही रोजच्याच वेळेला उठलात, तर खिडकीबाहेर आजच्यापेक्षा उजेड जास्त असेल की कमी? बहुतेक हात ‘जास्त’ला वर होत. मुलांचे सोडा, पालकसभेत हाच प्रश्न टाकला तेव्हा मोठी माणसेही अडखळली आणि नंतर बऱ्याच जणांनी तेच चुकीचे उत्तर दिले. त्यानंतर एकदा एका सरकारी कार्यालयाचे सूचनापत्र माझ्या हाती आले. त्यात घड्याळ पुढे होत असल्यामुळे नागरिकांना सकाळी एक तास अधिक उजेडाचा लाभ होईल असे चक्क छापलेले होते. त्या दिवसापासून हे पत्र लिहायचे मनात होते.

उत्तर ‘कमी’ असे आहे. पृथ्वी आपल्या गतीने फिरते, सूर्य क्षितिजावर यायचा त्या क्षणीच येतो, आणि कायद्याने बदलतो तो फक्त त्या क्षणाला आपण दिलेला आकडा. काल सहा वाजता उगवलेला सूर्य घड्याळ पुढे केल्यावर सात वाजता उगवतो, कारण कालच्या सहालाच आपण आज सात म्हणू लागलो. शाळेची घंटा मात्र आठलाच होते, म्हणून घंटा आणि सूर्योदय यांच्यातले अंतर दोन तासांवरून एका तासावर येते. सकाळचा गेलेला तो तास संध्याकाळच्या टोकाला जोडला जातो. दिवसाची एकूण लांबी एका मिनिटानेही वाढत नाही. शरद ऋतूत घड्याळ मागे केले की उलटे घडते, म्हणजे सकाळ उजळते आणि संध्याकाळ लवकर अंधारते.

इतकी साधी गोष्ट इतक्या शहाण्या माणसांना का चकवते, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. पहिले कारण भाषेत आहे. सभा पुढे ढकलली म्हणजे ती उशिरा होणार, हे आपल्या अंगवळणी पडलेले आहे. घड्याळ पुढे केले की मात्र सभा सूर्याच्या हिशेबाने एक तास लवकर होते. ‘पुढे’ हा एकच शब्द दोन विरुद्ध दिशांना ओढतो आणि माणूस मधल्या मध्ये गोंधळतो. विद्यार्थ्यांना मी यावर एक तोडगा सांगत असे : घड्याळ पुढे गेले की पहाटही पुढे जाते, घड्याळ मागे आले की पहाटही मागे येते. सूर्योदयाचा आकडा घड्याळाच्या काट्याबरोबरच सरकतो, एवढे धरून ठेवले की चूक होत नाही. मी स्वतः शिकवायला लागल्यानंतरही पहिली दोन-तीन वर्षे कागदावर काटे काढल्याशिवाय हे ठामपणे सांगू शकत नव्हते, म्हणून कोणाला हसण्याचा अधिकार मला नाही.

दुसरे कारण अधिक खोलवरचे आहे, आणि ते ऋतूंचे आहे. घड्याळ पुढे केले जाते ते नेमके अशा काळात, जेव्हा उत्तर गोलार्धात दिवस झपाट्याने मोठा होत असतो. लंडनचे उदाहरण घ्या. तिथे मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य पावणेसहाच्या सुमारास उगवतो. महिन्याच्या शेवटच्या रविवारी घड्याळ पुढे होते आणि तोच सूर्य पावणेसातला उगवू लागतो, म्हणजे कालपर्यंत उठताना फटफटलेले असायचे तिथे आज पुन्हा झुंजूमुंजू असते. पण त्या दिवसांत सूर्योदय रोज दोन मिनिटांहून थोडा अधिक अलीकडे येत असतो, त्यामुळे चारएक आठवड्यांत गेलेला तास भरून निघतो आणि एप्रिलअखेर सूर्य पुन्हा पावणेसहाला हजर होतो. चार आठवड्यांपूर्वी कायद्याने सकाळ अंधारी केली होती हे तोवर कोणाच्या लक्षात राहत नाही. लक्षात राहते ते इतकेच, की घड्याळ पुढे केले आणि सकाळी उजेड आला. उजेड आणला पृथ्वीच्या कललेल्या आसाने, श्रेय गेले कायद्याला.

ऑक्टोबरात हाच खेळ उलट चालतो. घड्याळ मागे करण्याच्या आदल्या दिवशी लंडनमध्ये सूर्य पावणेआठच्या जरा आधी उगवतो, दुसऱ्या दिवशी पावणेसातच्या जरा आधी. सकाळी खरोखरच एक तास उजेड अधिक मिळतो, पण नोव्हेंबर संपता संपता दिवस इतका आखडतो की सूर्योदय पुन्हा पावणेआठवर जाऊन बसतो. मग डिसेंबरात आठ वाजून गेल्यावर सूर्य उगवू लागला की लोक चिडून म्हणतात, ही हिवाळी वेळ रद्द करा, तिच्यामुळे सगळा अंधार झाला. वस्तुस्थिती अशी आहे की हिवाळी वेळ नसती, तर त्याच सकाळी सूर्य नऊ वाजून गेल्यावर उगवला असता. संध्याकाळच्या अंधाराबद्दल घड्याळाला दोष देणे रास्त आहे, कारण चार वाजताच अंधारून येते ते मागे केलेल्या घड्याळामुळेच. सकाळच्या अंधाराबद्दल मात्र ते घड्याळ निर्दोष आहे. दोन्ही तक्रारी एकाच श्वासात केल्या जातात, आणि आपल्यापैकी अनेक जण त्या एकत्रच ऐकून घेतात.

न्यूयॉर्कची गंमत याहून वेगळी आहे, आणि वर्गात ती सांगितली की मुले हमखास अविश्वासाने पाहत. तिथे घड्याळाच्या हिशेबाने वर्षातला सर्वांत उशिराचा सूर्योदय डिसेंबरात होत नाही, जानेवारीतही होत नाही. २००५ च्या ऊर्जाविषयक कायद्याने अमेरिकेतला घड्याळ पुढे ठेवण्याचा काळ वाढवला आणि २००७ पासून तो मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत चालतो. परिणामी घड्याळ मागे होण्याच्या आदल्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये सूर्य साडेसाताच्या आसपास उगवतो, तर ऐन हिवाळ्यातला सर्वांत उशिराचा सूर्योदय ७ वाजून २० मिनिटांनी होतो. सर्वांत काळोखी सकाळ शरद ऋतूतली, आणि ती निव्वळ कायद्याने घडवलेली.

आणखी एक सूक्ष्म गोष्ट इथेच सांगून टाकते, कारण ती पुढे उपयोगी पडणार आहे. वर्षातला सर्वांत लहान दिवस उत्तर गोलार्धात २१ किंवा २२ डिसेंबरला येतो, म्हणून सर्वांत उशिराचा सूर्योदयही त्याच दिवशी असावा असे वाटते. तसे नसते. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि आस कललेला, त्यामुळे त्या सुमारास सूर्याची मध्यान्ह रोज सुमारे अर्ध्या मिनिटाने उशिरा होत असते. ती आपल्याबरोबर सूर्योदयालाही ओढते. म्हणून मध्य अक्षांशांवर सकाळ सर्वाधिक उशिरा उजाडते ती डिसेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. दिवस मोठा होऊ लागलेला असतो, पण ती वाढ आधी संध्याकाळच्या पदरात पडते.

आता नावांबद्दल. ‘डेलाइट सेव्हिंग’ (उजेडाची बचत) या घड्याळबदलाच्या इंग्रजी नावात बचतीची भाषा आहे, आणि बचत म्हटले की माणसाला शिल्लक हवी असते. इथे शिल्लक काहीच पडत नाही. सकाळच्या खात्यातून काढून संध्याकाळच्या खात्यात भरले जाते, इतकेच. ही कल्पना मांडणाऱ्यांना याची पुरती जाणीव होती. न्यूझीलंडचे कीटकअभ्यासक जॉर्ज हडसन यांनी १८९५ मध्ये दोन तासांचा बदल सुचवला तो कामानंतर कीटक गोळा करायला उजेड उरावा म्हणून. इंग्लंडचे बांधकाम व्यावसायिक विल्यम विलेट यांनी १९०७ मध्ये पुस्तिका काढली ती उन्हाळ्यात लोक झोपेत असताना वाया जाणाऱ्या पहाटेच्या उजेडाबद्दल होती. एप्रिलच्या चार रविवारी वीस-वीस मिनिटे, अशी त्यांची योजना होती. पहाटे चारला पडलेला, कोणाच्या उपयोगाचा नसलेला उजेड उचलून रात्री आठ-नऊच्या बाजूला ठेवायचा, हा मूळ विचार आणि तो उन्हाळ्यापुरताच होता. जर्मनी आणि ऑस्ट्रिया-हंगेरी यांनी ३० एप्रिल १९१६ रोजी युद्धकाळात तो अमलात आणला, ब्रिटनने त्याच वर्षी मे महिन्यात. उन्हाळ्यात उजेड पहाटेला अतोनात असतो, म्हणून तिथून तो उचलता येतो. हिवाळ्यात मुळातच नसलेला उजेड कुठून उचलणार?

पुढे केलेल्या घड्याळाच्या वेळेला दिलेले ‘उन्हाळी वेळ’ हे नाव तर त्याहून फसवे आहे. कोणालाही विचारा, तुम्हाला कायम उन्हाळा हवा की कायम हिवाळा. २०१८ मध्ये युरोपीय आयोगाने जनतेची मते मागवली आणि ४६ लाख उत्तरे आली. ८४ टक्के लोकांना वर्षातून दोनदा होणारी ही उलथापालथ बंद व्हायला हवी होती. त्यांचा कंटाळा मला पूर्ण मान्य आहे. पण ही मते गोळा केली गेली ४ जुलै ते १६ ऑगस्ट या काळात, म्हणजे लांबच लांब संध्याकाळी बाहेर बसून माणसे उत्तरे देत होती. अमेरिकेच्या सिनेटने कायमच्या उन्हाळी वेळेचे विधेयक एकमताने संमत केले ते १५ मार्च २०२२ रोजी, घड्याळ पुढे झाल्यानंतर दोनच दिवसांनी. त्या विधेयकाचे नाव सूर्यप्रकाशाच्या संरक्षणाचे होते. सूर्यप्रकाशाला कायद्याच्या संरक्षणाची गरज पडावी ही कल्पना मोठी मनोहर आहे. प्रतिनिधीगृहाने मात्र ते पुढे नेले नाही. आयर्लंडने नावांचा घोळ आपल्या पद्धतीने संपवला आहे. तिथे कायद्याच्या भाषेत उन्हाळ्यातली वेळ हीच प्रमाणवेळ आणि हिवाळ्यात एक तास मागे जाणे हा अपवाद. डब्लिनमधल्या सूर्याला अर्थातच यातले काही कळवलेले नाही.

कायमची उन्हाळी वेळ हा प्रयोग नवा असता तर मी इतके लिहिले नसते. तो होऊन गेलेला आहे, एकदा नव्हे, निदान तीनदा, आणि त्या तिन्ही वेळा तो मोडला तो सकाळच्या अंधारावर.

ब्रिटनने १९६८ मध्ये घड्याळ पुढे केले आणि हिवाळ्यात ते मागे घेतलेच नाही. ग्लासगोमध्ये ऐन हिवाळ्यात सूर्य पावणेदहाला उगवू लागला. मुले अंधारात शाळेला निघत, गवळी आणि बांधकाम मजूर अंधारात कामाला लागत. डिसेंबर १९७० मध्ये हाउस ऑफ कॉमन्सने ३६६ विरुद्ध ८१ मतांनी प्रयोग संपवायचे ठरवले आणि ऑक्टोबर १९७१ मध्ये घड्याळ पुन्हा मागे आले. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे : त्या वर्षांत सकाळचे रस्ते अपघात वाढले तसे संध्याकाळचे कमीही झाले होते, आणि घट वाढीहून मोठी होती. फक्त १९६७ मध्ये मद्यपान करून वाहन चालवण्याविरुद्ध नवा कायदा आला असल्याने श्रेय कोणाचे हे वेगळे काढणे अवघड झाले. लोकांच्या मनावर कोरला गेला तो सकाळी जखमी झालेला मुलगा. संध्याकाळी जखमी न झालेल्या मुलाची बातमी होत नाही. हा युक्तिवाद कायमच्या उन्हाळी वेळेच्या बाजूने जातो, आणि तो लोकांसमोर ठेवायलाच हवा. पण तो ठेवताना पावणेदहाचा सूर्योदय झाकून ठेवू नये.

अमेरिकेचा अनुभव अधिक बोलका आहे. तेलटंचाईच्या काळात ६ जानेवारी १९७४ रोजी वर्षभराची उन्हाळी वेळ लागू झाली. वर सांगितलेली सूक्ष्म गोष्ट आठवावी : वर्षातले सर्वांत उशिराचे सूर्योदय जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात असतात. म्हणजे वर्षातला सर्वांत काळोख्या सकाळींचा आठवडा निवडून त्याच आठवड्यात सकाळ आणखी एक तास अंधारी केली गेली. वॉशिंग्टनमध्ये सूर्य ८ वाजून २७ मिनिटांनी उगवला. शाळेच्या वाटेवर मुलांना झालेल्या अपघातांच्या बातम्या आल्या, पालक हातात विजेरी देऊन मुलांना पाठवू लागले. डिसेंबर १९७३ मध्ये ७९ टक्के लोकांचा या योजनेला पाठिंबा होता, फेब्रुवारीत तो ४२ टक्क्यांवर आला. दोन महिन्यांत माणसांची मते बदलली असे मला वाटत नाही. डिसेंबरात त्यांनी हो म्हटले तेव्हा आपण कशाला हो म्हणतो आहोत हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. एप्रिल १९७५ पर्यंत ठरलेली योजना १९७४ च्या ऑक्टोबरातच दुरुस्त करून हिवाळ्यापुरती प्रमाणवेळ, म्हणजे पुढे न केलेली वेळ, परत आणावी लागली.

रशियाने २०११ मध्ये कायमची उन्हाळी वेळ स्वीकारली. मॉस्कोत डिसेंबरअखेर सूर्य जवळजवळ १० वाजता उगवे. तीन हिवाळे असे काढल्यावर ऑक्टोबर २०१४ मध्ये घड्याळे एक तास मागे आली आणि तिथेच थांबली.

उजेड एक तासाने इकडे-तिकडे झाला तर बिघडले काय, असेही विचारले जाते. माणसाच्या शरीरातले घड्याळ चोवीस तासांहून किंचित लांब चालते आणि ते रोज जुळवून घ्यायचे काम मुख्यतः सकाळचा उजेड करतो. म्हणूनच अमेरिकेतल्या निद्रावैद्यकाच्या अकादमीने २०२० मध्ये भूमिका घेतली की एकच वेळ ठेवायची तर ती प्रमाणवेळ असावी. माझाही कल तिकडेच आहे, हे लपवत नाही. पण हे पत्र माझ्या आवडीसाठी लिहिलेले नाही, कारण प्रमाणवेळेचीही किंमत आहे आणि ती जागेगणिक वेगळी आहे.

ही जागेची गोष्ट विधेयकांतून नेहमी गळते. पोलंड आणि स्पेन हिवाळ्यात एकच घड्याळ लावतात. डिसेंबरात वॉर्सात सूर्य पावणेआठच्या आसपास उगवतो, माद्रिदमध्ये साडेआठनंतर, आणि स्पेनच्या वायव्य टोकाला नऊच्या सुमारास. स्पेन भौगोलिकदृष्ट्या बहुतांशी ग्रीनिचच्या रेषेच्या पश्चिमेला पसरलेला असूनही १९४० पासून मध्य युरोपची वेळ पाळतो, त्याचा हा परिणाम. कायमची उन्हाळी वेळ आली तर वॉर्सात पावणेनऊ होतील, माद्रिदमध्ये साडेनऊ वाजून जातील, वायव्य स्पेनमध्ये दहा. उलट, कायमची प्रमाणवेळ आली तर वॉर्सात जूनमध्ये सूर्य सव्वातीनला उगवेल आणि तिथला माणूस पडदे लावून झोपण्याची खटपट करील, तर माद्रिदमध्ये तोच सूर्य पावणेसहाला उगवेल आणि कोणाची काही तक्रार असणार नाही. एकाच मसुद्यावर दोघांनी हात वर केले, तरी त्यांनी दोन निराळ्या सकाळींना मत दिलेले असते. विषुववृत्ताजवळ दिवस वर्षभर बारा तासांच्या आसपास राहतो, त्यामुळे तिथे हा सगळा खटाटोप निरर्थक ठरतो. दक्षिण गोलार्धात महिने उलटे लागतात, नियम तोच राहतो.

म्हणून माझी मागणी एका कागदाची आहे. घड्याळबदल ठेवण्याचे, काढण्याचे किंवा कायम करण्याचे कोणतेही विधेयक आपण मांडाल, किंवा त्यावर जनतेचे मत मागाल, तेव्हा त्या विधेयकाच्या आणि प्रश्नावलीच्या पहिल्याच पानावर एक तक्ता छापावा. देशाच्या पूर्व टोकाचे, पश्चिम टोकाचे, उत्तरेचे आणि दक्षिणेचे एकेक गाव घ्यावे. प्रत्येकासमोर वर्षातला सर्वांत उशिराचा आणि सर्वांत लवकरचा सूर्योदय किती वाजता होतो आणि प्रस्ताव मान्य झाल्यावर किती वाजता होईल, हे आकड्यांत लिहावे; त्याच्या शेजारी सूर्यास्तही. सूर्योदयापूर्वी अर्धा-पाऊण तास संधिप्रकाश असतो, तोही हवा तर एका स्तंभात द्यावा, म्हणजे अंधार फुगवून सांगितल्याचा आरोप माझ्यासारख्यांवर येणार नाही. या आकड्यांसाठी समिती नेमावी लागत नाही; वेधशाळांकडे ते पुढच्या कित्येक वर्षांचे तयार आहेत.

आणि प्रश्न विचारताना ‘उन्हाळी वेळ हवी की हिवाळी’ असे विचारू नये. ‘डिसेंबरात सूर्य तुमच्या गावी आठ वाजता उगवून चार वाजता मावळावा, की नऊ वाजता उगवून पाच वाजता मावळावा?’ असे विचारावे. शक्य असेल तर हे मत जुलैत घेऊ नये. ज्याला नऊ आणि पाच हवे आहेत त्याने ते जरूर मागावे. रात्री काम संपवून घरी जाणाऱ्या एखाद्याला पहाटेच्या उजेडाचे काय, आणि त्याचे मत माझ्या मताइतकेच वजनाचे आहे. जे उत्तर येईल ते मला मान्य असेल.

तोवर, पुढच्या वेळी घड्याळ पुढे होईल तेव्हाच्या सूचनापत्रात निदान एवढे एक वाक्य असू द्यावे, की उद्यापासून काही आठवडे सकाळी आजच्यापेक्षा अंधार राहील, मुलांना रस्ता ओलांडताना जपावे.

आपली नम्र,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका